शेवटचा पेशंट कोण?

दत्ताभाऊ, आपलं भांडण मिटलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलेन मी, चांगलं पुष्कळ आहे. पण भांडण तुम्ही अर्धवट टाकून गेलात, आणि माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी एक वेळ भरलं ताट सोडेन, भांडण सोडणार नाही. तेव्हा ऐकून घ्या. मधे बोलायची सोय आता तुम्हाला नाही, हा तेवढा माझा फायदा.

लोणावळ्यात अजून पाऊस हटलेला नाही. तळघरातल्या आपल्या खोलीच्या भिंतींना परत ओल आलीय. हवा कोरडी राहावी म्हणून तुम्ही कोपऱ्यात लावलेला पिवळा बल्ब तसाच जळतोय. तुमच्या खुर्चीवर कुणी बसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, म्हणून मी तिच्यावर रिकामी खोकी रचून ठेवलीत. वर हॉस्पिटल चालू आहे. एक्सरे निघतात, स्कॅन निघतात, सगळे फोटो वायरीतून खाली आपल्या सर्व्हरवर येऊन बसतात. वर डॉक्टर क्लिक करतात आणि खालची फाइल त्यांच्या पडद्यावर उघडते. ती कुठून आली हे कुणी विचारत नाही. विचारायची वेळ येते ती लाइट गेल्यावर.

तुम्हाला हे सांगायची काय गरज, असं म्हणाल. पण परवा वहिनींना मला सगळं अगदी पहिल्यापासून सांगावं लागलं. तेच तुमच्यापुढंही मांडते. कुठं फिरवून सांगतेय असं वाटलं तर स्वप्नात येऊन ओरडा.

लोणावळ्याच्या पावसात लाइट जाणं ही काही बातमी नाही. जनरेटर ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूलाच पुरतो. आपल्या खोलीला यूपीएस, आणि त्याचा दम तो केवढा. तो संपायच्या आत मशीन स्वतःहून नीट बंद होतं आणि लाइट आली की स्वतःहून उठतं. इथपर्यंत आपलं एकमत होतं. भांडण होतं उठल्यानंतरच्या कामांचं. डिस्क जोडून घ्यायच्या, त्या ठीक आहेत का बघायचं, आणि मग वरच्या सगळ्या कॉम्प्युटरांना फाइली खुल्या करायच्या. हे कुणी करायचं? मी म्हणायचे, मशीननं. आपण कशाला मधे? तुम्ही म्हणायचात, "मशीननं उठावं, तोंड धुवावं. दार मातर आपण उघडायचं."

मग ते नवीन टूल आलं. सर्व्हरच्या नव्या आवृत्तीबरोबर फुकट आलं होतं. एकदा बटण दाबायचं, पुढं कायमचं सगळं आपोआप. डिस्क शोधतं, जोडतं, फोल्डर सापडला नाही तर त्याच नावाचा नवा रिकामा फोल्डर करतं आणि दार उघडून मोकळं होतं. मी हरखून गेले. तुम्ही माहितीतली ती फोल्डरची ओळ वाचलीत आणि चष्मा काढून ठेवलात. घरातला माणूस सापडला न्हाई तर त्याच नावाचा दुसरा आणून बसवतंय का हे, असं मला विचारलंत. मी हसले. तुम्ही हसला नाहीत. जे टूल आपल्याला काय विचारत न्हाई, ते आपल्याला काय सांगणारबी न्हाई, असं पुटपुटत तुम्ही ते काढून टाकलंत आणि स्वतः लिहिलेलं जुनं स्क्रिप्ट परत बसवलंत. मशीन उठलं की काळ्या पडद्यावर एकच ओळ यायची, बघितलं का? तिच्यापुढं 'व्हय' टाइप केल्याशिवाय वर एक फाइल उघडायची नाही. पुण्याहून येणाऱ्या इंजिनिअरांना ते 'व्हय' दाखवताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पण माझं म्हणणंही खोटं नव्हतं, भाऊ. जोराच्या पावसात लाइट दिवसातून किती वेळा जाते ते तुम्हाला माहीत आहे. वरून डॉक्टर इंटरकॉमवर ओरडत असतात. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा आला की डोळे बघायचे थांबतात, उत्तर हातच देतो. मी हे म्हणायचे तेव्हा तुम्ही माझा हात असला नाही म्हणून मिरवायचात. आणि मग एक दिवस मी तुम्हाला पकडलं. एका हातात चहाचा कप, तोंड दाराकडं, वॉर्डबॉयशी बोलणं चाललेलं, आणि दुसऱ्या हातानं तुम्ही 'व्हय' मारून मोकळे. मी विचारलं, काय काय बघितलंत भाऊ, जरा मलाही सांगा. तुमचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. तेवढ्यापुरतंच हं. नंतर दिवसभर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत आणि मी आणलेल्या चिक्कीला हात लावला नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी आलात ते प्रश्न बदलूनच. बघितलं का, हे गेलं. आता मशीन उठलं की डिस्कवरच्या सगळ्यात नव्या फोटोवरचं पेशंटचं नाव दाखवायचं आणि खाली विचारायचं, शेवटचा पेशंट कोण? मग आपण इंटरकॉम उचलून एक्सरे-स्कॅनच्या खोलीत विचारायचं, शेवटचा फोटो कुणाचा काढलात? नाव जुळलं तरच दार उघडायचं. म्हणजे अर्धं उत्तर मशीनच्या पोटात आणि अर्धं बाहेरच्या माणसाच्या तोंडात. हाताला एकट्याला ते देताच येणार नाही. मी ते दोनदा वाचलं, खोट सापडते का बघायला, आणि सापडली नाही. तुम्ही पाठ करून वायरी बांधत होतात. तसेच म्हणालात, "तू भांडलीस म्हणून झालं." इतक्या वर्षांत तुमच्याकडून मिळालेली शाबासकी ती एवढीच, आणि तीही पाठीकडून.

तुमचा हा बघायचा सोस कुठून आला ते मला गेल्या वर्षी कळलं, तुमच्या गावी भाताच्या आवणीला, रोपं लावायला, आले तेव्हा. आंदर मावळात एसटी धड नाही. फाट्यावरून चालताना माझे पाय मोडले आणि तुम्ही पुढं शीळ घालत निघालेले. रात्रभर पाऊस झाला होता. वरच्या खाचरात पाणी मावत नव्हतं. मी म्हटलं, सोडून द्या की खालच्या खाचरात, एवढं काय त्यात. तुम्ही बांधावर चढलात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलात, मधेमधे टाचेनं दाबून बघत. वरून बांध शाबूत दिसतो, आत खेकड्यांनी पोखरलेला असतो, असं तुम्ही सांगितलंत. न बघता पाणी सोडलं तर बांध फुटतो आणि खालच्या सगळ्यांची रोपं घेऊन जातो. तुमच्याकडे हे पोरांना चालायला लागल्यापासून शिकवतात. मी चिखलात उभी राहून तुमच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, अच्छा, म्हणजे माझ्या डोक्याला दोन वर्षं जो ताप झालाय तो इथं उगवतो तर.

त्या दिवशी तुमच्या आईनं मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळानं त्यांनी परत विचारलं. मला हे नवं नाही. आमच्या वराळ्यातून बाहेर पडलं की कुठं ना कुठं हे दुसऱ्यांदा विचारलं जातंच, आणि दर वेळी मी ते त्याच आवाजात परत सांगते. तुम्ही हातपाय धूत होतात. आई, ती भाकरी खाती, आपल्यासारखीच खाती, तेवढं पुरं, असं म्हणालात आणि वहिनींना हाक मारून माझं ताट चुलीपाशी लावायला सांगितलंत. आईंचा चेहरा उतरलेलाच राहिला, पण वहिनींनी माझ्या ताटात वाढताना हात आखडला नाही. माझ्या आईला मी हे सांगितलं तेव्हापासून तुम्ही फोनवर जय भीम मावशी म्हणालात की ती दोनदा जय भीम म्हणायची. तुम्ही गेल्याचं तिला सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली.

आता या वर्षीचं सांगते. तुम्हाला अर्धंच माहीत आहे.

तुम्ही आवणीसाठी रजेवर होतात. सकाळपासून आभाळ इतकं काळं होतं की दुपारीच वर दिवे लागले होते. जेवणाच्या सुट्टीत लाइट गेली आणि बराच वेळ आली नाही. आल्यावर मशीन उठलं, तोंड धुतलं, आणि पडद्यावर नाव आलं. कुणा म्हाताऱ्या माणसाचं नाव. मी इंटरकॉम उचलला. एक्सरेच्या खोलीतल्या सुजाताताईंना विचारलं, शेवटचा फोटो यांचाच का? त्या म्हणाल्या, "तो माणूस गेला, मॅडम. बरेच दिवस झाले त्याला जाऊन."

पडद्यावर सगळं जागच्या जागी होतं. फोल्डर तेच, नावं तीच, हजारो फाइली. आपल्या त्या दोन डिस्क, जुळ्या बहिणी, एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर. त्यातली एक केव्हातरी गपचूप लिहायची थांबली होती. तिनं बीप दिलाच असणार. पण पावसाळ्यात त्या तळघरात काय ओरडत नाही? यूपीएस ओरडतो, लिफ्ट ओरडते, आगीचं यंत्रसुद्धा ओल लागली की ओरडतं. त्या कलकलाटात तिचा आवाज बुडाला. दुसरी बहीण एकटी ओढत राहिली. आणि लाइट येऊन मशीन उठलं तेव्हा नेमकी ती थांबलेली आधी जागी झाली आणि मीच ती म्हणून पुढं आली. बांध वरून शाबूत होता, भाऊ. ते नवीन टूल असतं तर त्यानं सगळं ठीक आहे म्हणत दार उघडलं असतं.

त्या वेळी वर काय चाललं होतं ते मला नंतर समजलं. एक बाई होती. मागे कधीतरी पडली होती तेव्हा तिच्या डोक्याचा स्कॅन झाला होता, स्वच्छ. त्या दिवशी सकाळी एक्सप्रेस वेवर गाडीला अपघात होऊन परत आली, लाइट जायच्या जरा आधी परत स्कॅन झाला, आणि या वेळी आत रक्त साकळलं होतं. दार उघडलं असतं तर डॉक्टरांना तिच्या नावापुढं तो जुना, स्वच्छ फोटो दिसला असता. दिसला असता आणि त्यांनी तिला ऑपरेशनला न नेता नुसतं झोपवून ठेवलं असतं.

मी तुम्हाला फोन लावला. का लावला? मला काय करायचं ते समजत होतं. पण एकटीनं करायचा धीर नव्हता, आवाज हवा होता कुणाचातरी, तुमचाच. लागला. भाऊ, नाव वेगळंच आलंय, मेलेल्या माणसाचं आलंय, एवढं मी बोलले. तुम्ही म्हणालात, "हात लावू नको. आलोच मी." मी म्हटलं येऊ नका, माझं मी बघते. ते तुमच्यापर्यंत पोचलं की नाही देव जाणे. माझ्या घरात देव नाही, पण म्हणायची सवय. लाइन तुटली होती.

मी बघितलं, भाऊ. थांबलेली डिस्क बाजूला केली, चांगलीवर मशीन उठवलं, परत नाव मागितलं. सकाळच्या त्या बाईचं नाव आलं. सुजाताताईंनी तेच सांगितलं. मी 'व्हय' टाइप केलं आणि वर दार उघडलं. तुम्ही अजून फाट्यापर्यंतही पोचला नसाल तेवढ्यात सगळं उरकलं होतं. मग मी तुम्हाला फोन लावत बसले. संपर्क क्षेत्राच्या बाहेर, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. फोनमधली ती बाई ते किती गोड आवाजात सांगते. मी शेवटी तिला शिव्या घातल्या.

गावाबाहेरच्या ओढ्याच्या फरशीवरून, त्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं. पलीकडच्या वाडीतल्या एकानं तुमच्या गाडीचा दिवा फरशीवर शिरताना बघितला आणि मग दिसेनासा झालेला बघितला. गावातली माणसं काठाकाठानं शोधत गेली. तुम्ही दुसऱ्या दिवशी खाली करंजाच्या झाडाशी सापडलात.

इथं मला तुमच्याशी भांडायचं आहे. सगळ्यात जास्त इथंच. बांध दाबून बघितल्याशिवाय पाणी न सोडणारा माणूस, नाव विचारल्याशिवाय दार न उघडणारा माणूस, गढूळ पाण्यातून दिसत नसलेल्या फरशीवर गाडी घालतो कसा? काय बघितलंत भाऊ? जरा मलाही सांगा. ती फरशी तुमच्या रोजच्या पायाखालची, म्हणून हातानंच 'व्हय' म्हटलं ना? मी तुम्हाला एकदा पकडलं होतं. तेव्हा तुम्ही दिवसभर रुसलात. या वेळी पकडायला तिथं कुणी नव्हतं, आणि याचा मला इतका राग येतो की एकटी असले की मी मोठमोठ्यानं बोलते.

दशक्रियेला आम्ही दोघी आलो होतो, मी आणि आई. आमच्यात हे नाही. आई म्हणाली, त्यांच्यासाठी उभं राहू, नुसतं उभं राहायला काय जातं. पिंडाला कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या उंबरावर ओळीनं बसले होते, खाली मात्र एक उतरेना. तुमचे चुलते पुढं झाले, हात जोडून म्हणाले, आवणी आमी उरकू, शेताची काळजी करू नको. नाही. भावकीतल्या एकानं पोरीच्या शिक्षणाचं बघतो म्हणून सांगितलं. नाही. मग सगळ्यांची नजर हळूहळू माझ्याकडं वळली. हापिसातलं काय राहिलंय का बाई, असं कुणीतरी विचारलं. माझा विश्वास नाही, तरी सांगते, मी दोन पावलं पुढं झाले. काय राहिलंय ते मला ठाऊक होतं, मशीनचा तो प्रश्न ठेवायचा की काढायचा. पण तशीच मागं आले, कारण खोटं वचन मला देता येत नव्हतं आणि खरं काय ते ठरलं नव्हतं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि म्हणाले, झालं. माणसं उठली. मी त्या दर्भाकडं बघत राहिले. तुम्ही असता तर भटजींशी भांडला असतात. कावळ्याच्या वतीनं परस्पर 'व्हय' म्हणून टाकलं की त्यांनी.

त्यानंतरच्या आठवड्यात मॅनेजरसाहेब स्वतः तळघरात आले. वाईट माणूस नाही तो. तुमच्या खुर्चीकडं बघितलं, बसले नाहीत. म्हणाले, ते टूल बसवून टाका, सगळं आपोआप होऊ दे. एक माणूस गेला, आणखी कुणाला पावसात पळवायचं नाही मला. मी त्यांना डिस्कचं सगळं परत सांगितलं. ते म्हणाले, अशी गोष्ट कितीदा होते? उत्तर खरंच आहे, क्वचित होते. घरून मोबाइलवर बघून करा म्हणाले. वादळात लाइट जाते तेव्हा नेटही जातं, हे मी त्यांना सांगितलं. दुसरा माणूस द्या म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग मी म्हटलं, विचार करून सांगते, आणि ते गेले.

काय विचार करणार होते मी? मशीननं त्या दिवशी काही विचारलंच नसतं, तर मी तुम्हाला फोन केला नसता. तुम्ही चिखलाचे पाय धुऊन भाकरी खाल्ली असती. ती बाई वाचली नसती, पण कुणालाच ते कधी कळलं नसतं, मलाही नाही. मी ते टूल बसवलं, तर वहिनी विचारणार, आधीच का नाही बसवलं? आणि नाही बसवलं, तर पुढच्या वादळात कुणीतरी परत गाडी काढणार. ते कुणीतरी म्हणजे आता मीच. दोन्हीकडून विचार केला, भाऊ, दोन्हीकडून शेवटी तुम्हीच मरता.

ती थांबलेली डिस्क मी टाकून दिली नाही. एकदा जोडून बघितली. त्या डिस्कवर तुम्ही अजून आवणीच्या रजेचा अर्ज केलेला नाही. तिच्यावर तुम्ही रोज कामावर येताय. मी ती लगेच काढली. कारण तसंच बघत बसले असते तर तीच खरी धरावीशी वाटली असती, आणि हे फार वाईट लक्षण आहे.

परवा माझ्या आठवड्याच्या सुट्टीला तुमच्या गावी गेले. फरशीशी गाडी थांबवली, उतरले, पाणी नव्हतं तरी चालत जाऊन बघून आले. गावानं सगळ्यांनी मिळून, सावडीनं, तुमची आवणी उरकलीय, रोपं धरलीत चांगली. वहिनी पडवीत घेवडा निवडत बसल्या होत्या. पोरगी शाळेत गेली होती. आईंनी आतून मला बघितलं, आडनाव विचारलं नाही, पाण्याचा तांब्या आणून माझ्या हातात दिला आणि परत आत गेल्या. तेवढ्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

वहिनींनी हातातलं काम सोडलं नाही. खाली बघतच विचारलं, "त्या मशीनला ह्यांच्याबिगर उटता येत न्हवतं का?"

मी सगळं सांगितलं. दोन डिस्कचं, मेलेल्या माणसाच्या नावाचं, त्या बाईच्या डोक्यातल्या रक्ताचं. तुमचा फोन तुटल्याचं सांगितलं. माझं काम तुम्ही फाट्याला यायच्या आतच झालं होतं, हेही सांगितलं. ते सांगायचं नाही असं ठरवून गेले होते. पण समोर बसल्यावर लपवता येईना. वहिनी शेंगांच्या शिरा ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, म्हंजी त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, बरोबर होतं वहिनी. त्या बाईला विचारलंत तर तीही तेच सांगेल. त्यांनी मान हलवली. त्यांना याचं काही सुख वाटलं असेल असं मला वाटत नाही.

मग त्यांनी विचारलं, आता लाइट गेल्यावर कोन जातं? मी म्हटलं, मी जाते. प्रश्न मी काढणार नाही, साहेबांना उद्या तसं सांगणार आहे. कुटनं जातीस? वराळ्यातून. तितनं लोनावळं लय लांब की गं, असं म्हणून त्यांनी पुढची शेंग उचलली.

तेवढ्यात डोंगराकडून गार वारा आला. शेंगांची टरफलं पडवीभर झाली. आभाळ बघता बघता खाली उतरलं आणि आतला दिवा गेला. इथली गेली म्हणजे लोणावळ्याचीही गेली असणार. तुमच्या गावात बसून फोनची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी काही ठरवलं नाही, भाऊ. मी उठले होते आणि माझ्या हातात हेल्मेट होतं. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. तुम्ही त्या दुपारी असेच उठला असाल, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

मला वाटलं त्या मला अडवतील. नाही अडवलं. पदराला हात पुसले, कनवटीचा मोबाइल काढला आणि माझ्यापुढं धरला.

"तुझ्या आईचा नंबर घाल ह्याच्यात. देवळापाशी रेंज लागती, तितं जाऊन बसते मी. तू पोचस्तवर दोगी बोलत बसू. एकटीनं लय वंगाळ असतं."

मी नंबर घातला आणि निघाले.